एक आहे, तेवढा पुरे

सकाळी चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवलं ॲडेलिन ग्रेस, आणि दुपारी घरी येईपर्यंत निम्म्या लोकांच्या डोक्यातून ते गेलंही होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या, बेटावरून लीड्सला आलेल्या लोकांत चर्चमधलं नाव जपून ठेवायचं असतं. पासपोर्टला लागतं, शाळेच्या दाखल्याला लागतं, आणि शेवटी शवपेटीवरच्या पितळी पट्टीला लागतं. बाकीचा सगळा जन्म माणूस घरच्या नावावर काढतो. चॅपलटाऊनमध्ये असे म्हातारे होऊन गेले की त्यांची खरी नावं शेजाऱ्यांना मयताच्या दिवशी कळली, आणि आपण भलत्याच मयताला आलो की काय म्हणून माणसं दारातून मागे फिरली.

या घरात घरचं नाव ठेवायचा मान बिममामाचा. तो अडीना आजीचा धाकटा सावत्र भाऊ, बाप वेगळा, आडनाव वेगळं. आजीची मुलगी व्हर्लीन आणि हा मामा जवळजवळ एका वयाचे. बेटावर एकाच चटईवर झोपले, एकाच वर्गात बसले, पुढे एकामागून एक लीड्सला आले. व्हर्लीनची मुलं त्याला आईचं ऐकून बिममामाच म्हणायची. व्हर्लीनचा मुलगा पाळण्यात सरदारासारखा हातपाय ताणून पडायचा म्हणून मामाने त्याला ड्यूक म्हटलं. मुलगी जन्मल्या जन्मल्या घर डोक्यावर घ्यायला लागली, तेव्हा मामा म्हणाला, "ही तर आल्यासारखी झोंबते," आणि ती जिंजी झाली. आता ड्यूकच्या लेकीची पाळी होती. मामा सोफ्यावर बसला होता, करडा सूट, टायला बस कंपनीची दीर्घ सेवेची पिन, मांडीवर बाळ. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"घाई करू नका," मामा म्हणाला. "पोरगी अजून तिचा स्वभाव दाखवत नाहीये."

"तुला काय, तू संध्याकाळपर्यंत बसशील," आजी म्हणाली. "मला भूक लागलीय."

स्वयंपाकघरात गोट वॉटर, म्हणजे बोकडाचा पातळ रस्सा, उकळत होतं. लवंग आणि ओव्याच्या पानांचा वास पार जिन्यापर्यंत गेला होता. व्हर्लीन मोठ्या डावाने बोकडाचे तुकडे खालीवर करत होती आणि तिचं एक लक्ष बाहेरच्या खोलीत होतं, लेकीकडे. जिंजी खिडकीजवळ उभी होती, कोट न काढता. सकाळी चर्चच्या पायरीवर व्हर्लीनने तिला बजावलं होतं, "आज नाही हं. आज बाळाचा दिवस. मंगळवारचं मंगळवारी." जिंजीने मान हलवली होती. पण ते मान हलवणं कसलं असतं हे आईला पुरतं ठाऊक होतं.

आणि शेवटी काडी लावली ती मर्लमामीने. मर्ल म्हणजे बिममामाची बायको. मनाने वाईट नाही, पण तोंड गप्प बसत नाही.

"काय गं जिंजी, बारशाला आलीस की कुणाच्या मयताला? कोट तरी काढ."

"काढते," जिंजी म्हणाली. "मंगळवारी माझी ट्रायब्युनलमध्ये सुनावणी आहे, मामी. झोप नाही लागत. म्हणून तोंड असं."

व्हर्लीनने गॅस बारीक केला.

"कसली सुनावणी?" मामाने विचारलं.

जिंजीने आईच्या दिशेने एकदा पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं. "वर्ष झालं, मामा. तुला सांगितलं नाही, कारण आई म्हणाली, तू तिथे नोकरीला आहेस, तुझ्या मानेवर उगाच सुरी नको. तुमच्या पेनरिज बस कंपनीवर दावा लावलाय मी. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची जागा निघाली होती, गेल्या मार्चमध्ये. मी अर्ज केला. तेव्हाही तुला नाही सांगितलं. मामाचं शेपूट धरून आली असं कुणी म्हणायला नको होतं मला."

"तू? आमच्याकडे?"

"चौदा वर्षं बस चालवतेय मी त्या दुसऱ्या कंपनीत. शिकवायचं प्रमाणपत्र आहे. त्यांनी दुसऱ्या डेपोत बोलावून गाडी चालवून घेतली, माझा पहिला नंबर. वर्गात शिकवून घेतलं, तिथेही पहिला. आणि मुलाखतीत तुमचा तो साहेब क्रॅग विचारतो, 'इथल्या मंडळींत मिसळाल का तुम्ही? इथलं वातावरण घरच्यासारखं आहे.' त्या एका रकान्यात मला इतके कमी गुण की सगळ्यांत खाली गेले मी. घेतला कुणाला? सहा वर्षं गाडी चालवलेल्या एका पोराला. प्रमाणपत्र नाही, काही नाही. फुटबॉल क्लबात क्रॅगचा दोस्त. मुलाखतीची टिपणं मागितली तर म्हणे फाडून टाकली, जागा नव्हती ठेवायला!"

ड्यूक दारात येऊन उभा राहिला. त्याला हे सगळं पाठ होतं, तरी दर वेळी त्याची कानशिलं तापायची. "आणि आता म्हणतात सिद्ध कर," तो म्हणाला. "बोल की जिंजी, कसं ते."

"पहिलं पाऊल माझं असतं. तीन जण बसतात समोर. त्यांना वाटायला हवं की होय, इथे रंग आडवा आला असावा. तेवढं मी दाखवलं की ओझं कंपनीच्या डोक्यावर जातं, मग रंगामुळे नाही नाकारलं हे त्यांनी सिद्ध करायचं. पण ते पहिलं पाऊल! कुणी तोंडावर म्हणतं का, तू काळी म्हणून नको? गोड हसतात, चहा विचारतात. मी आत्ता उंबरठ्यावर उभी आहे, मामा, एक धक्का हवाय. आणि त्यांनी काय करावं? एक साक्षीदार उभा केलाय. आपल्यातला!"

मामाचा हात बाळाच्या पाठीवर थोपटत होता. तो थांबला.

"आपल्यातला म्हणजे?"

"काळा. बेटावरचा. निवेदन दिलंय त्याने, मला पाठ झालंय ते. 'मी स्वतः काळा आहे. एकतीस वर्षं या कंपनीत आहे. मला माझ्या रंगामुळे कधीही वेगळी वागणूक मिळाली नाही, तसलं काही माझ्या कानावरही आलं नाही. इथलं वातावरण घरच्यासारखं आहे.' बघ, तेच शब्द! क्रॅगने त्याच्या तोंडात घातले आणि ह्याने गिळले. तुला माहीत असेल तो, मामा. थिओफिलस रोलँड नेस्बिट."

व्हर्लीनच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर आपटला.

ते नाव तिने शेवटचं ऐकलं होतं बेटावरच्या शाळेत, हजेरीच्या वेळी. मास्तरीण ठसक्यात म्हणायची, थिओफिलस नेस्बिट, आणि तिच्या शेजारी बसलेला बिम शरमून "हजर" म्हणायचा, कारण सगळा वर्ग हसायचा. व्हर्लीन ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर जाऊन बोलावं? काय बोलावं? बाळाच्या बारशाला, सगळ्यांसमोर? तिने दारातून पाहिलं. मर्ल नजर खाली घालून मांडीवरचा रुमाल घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. म्हणजे मर्ललाही कळलं. अर्थात कळणारच, लग्नाच्या कागदावर नाव होतंच की. व्हर्लीनने भाताचं भांडं उचललं आणि काही न बोलता टेबलावर नेऊन ठेवलं. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे स्वतःचाच संताप आला, पण त्या क्षणी ती गप्प बसली हे खरं.

"मोठी कंपनी आहे," मामा हळूच म्हणाला. "चार डेपो आहेत."

"असू दे चार!" ड्यूक उसळला. "मी सांगतो कसला माणूस असेल. साहेबाचा कप विसळणारा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! गोरे लोक काय करायचं ते करतात, त्यांचं मला नवल नाही. पण आपलाच माणूस उठून आपल्याच पोरीच्या पायात पाय घालतो? त्याच्या आईने त्याला दूध पाजलं की—"

"जेवायला बसा रे," मर्लमामी मध्येच म्हणाली. "गार होतंय."

"थांब मामी. लाज नसेल वाटली त्याला? घरी पोरंबाळं नसतील? मंगळवारी तो तिथे बसला ना, मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून—"

"मग आत्ताच घाल," आजी म्हणाली.

आजीचं वय ब्याऐंशी. मोठ्याने बोलायची तिला सवयच नव्हती, तरी सगळे वळले.

"एकोणीस वर्षांची होते मी," आजी म्हणाली. "आमच्या आईला ताप होता, म्हणून चर्चमध्ये त्याला मीच धरून उभी होते. नाव हे एवढं लांब आणि पोर एवढंसं. पाणी डोक्यावर पडलं तरी रडला नाही. बिम, ते बाळ दे इकडे आणि बोल."

मग ड्यूकने दोन पावलांत जाऊन लेकीला मामाच्या मांडीवरून उचललं. ओढून नाही घेतलं, पण विचारलंही नाही.

जिंजीने आईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. नाव ऐकल्यावर."

"आणि तू भात आणून ठेवलास."

व्हर्लीनने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

मर्ल मात्र उभी राहिली. "हे बघा, माझ्या नवऱ्याकडे असं बघायचं काम नाही. वर्षभर कुणी लपवलं? आम्ही? एक फोन करायचा होता! 'मामा, मी दावा लावलाय.' संपलं! तेव्हा म्हणे मामाला त्रास नको. आणि ह्याने सही केली त्या कागदावर नाव काय होतं, मिसेस आर. स्टेपल्टन. कोण ही स्टेपल्टन? तुझा तो नवरा दीड वर्षात पळाला, त्याचं आडनाव आम्ही लक्षात ठेवायचं? तुझं खरं नाव रोवीना आहे हे मी तुझ्या लग्नातल्या केकवर वाचलं होतं, त्याला झाली सोळा वर्षं!"

हे खोटं नव्हतं. आमच्या घरातच ही गंमत घडू शकते. एकाच टेबलावर जेवणारी दोन माणसं कागदावर एकमेकांच्या समोर उभी राहिली आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. हसू यावं अशी गोष्ट आहे, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"मामी, खाली बस," जिंजी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. ज्यांनी तिला लहानपणापासून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, ती ओरडते तोवर बरं असतं. "मला त्याच्याकडून ऐकायचंय."

मामाने चष्मा काढला. "क्रॅग टाईप केलेला कागद घेऊन आला. म्हणाला, थिओ, एक बाई उगाच कंपनीचं नाव खराब करतेय, तू जुना माणूस, तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? मी वाचला. सही केली. ती तू आहेस हे मला काय माहीत! माहीत असतं तर मी तो कागद त्याच्या—"

"तसलं काही कानावर आलं नाही, असं लिहिलंय त्यात. खरंय ते?"

मामा चष्मा पुसत राहिला. त्याला गेल्या मार्चमधली ती दुपार दिसत होती. तो चहाच्या खोलीत कप विसळत होता आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत क्रॅग आणि भरती विभागातली एक बाई. एकतीस वर्षांत तो असल्या उघड्या दारांवरून जायला शिकला होता. कान बंद करायचे, नळ जोरात सोडायचा. त्या दिवशी नळ सोडायला उशीर झाला.

"बिम," आजी म्हणाली.

"ऐकलं होतं," मामा म्हणाला. "गेल्या मार्चमध्ये. मी कप विसळत होतो, शेजारच्या खोलीत क्रॅग भरतीवाल्या बाईशी बोलत होता. 'बाई चांगली आहे, वादच नाही. पण स्कूलमध्ये एक आहे, तेवढा पुरे.' आणि दोघं हसली."

"देवा," व्हर्लीन म्हणाली.

ड्यूकने मोकळा हात टेबलावर आपटला, बाळ दचकून रडायला लागलं. "झालं! हेच! हेच पाहिजे होतं! उंबरठा काय, घरात गेलीस तू जिंजी! मामा, उद्या सकाळी त्यांना कळवायचं, मी तुमच्याकडून येत नाही. आणि आमच्याकडून यायचं. झालं गेलं गंगेला मिळालं!" त्याचा राग जितक्या लवकर चढला तितक्याच लवकर उतरला. ड्यूक तसाच आहे. व्हर्लीनचा चेहराही उजळला. मर्लमामी म्हणाली, "त्याची दोन वर्षं राहिलीत नोकरीची, हाकलून देतील," पण तिच्या आवाजात मघाचा जोर नव्हता. सगळ्यांना वाटलं, आता वाढायला हरकत नाही.

जिंजी जागची हलली नव्हती.

"तो 'एक' कोण?" तिने विचारलं.

"काय?"

"एक आहे, तेवढा पुरे. कोण एक?"

"मी. स्कूलमध्ये दुसरा कोण आहे? मीच."

"म्हणजे तुझ्याबद्दल बोलले ते. तू कप विसळत होतास आणि ते तुला मोजत होते. आणि वर्षाने तू सही केलीस की इथे घरच्यासारखं आहे."

"मग काय करू?" मामा एकदम ओरडला, आणि तो ओरडू शकतो हे त्या घरातल्या कुणाला माहीत नव्हतं. "काय करू, सांग ना! तुला काय ठाऊक मी तिथे काय काय पोटात घातलंय! मी शिकवलेली तीन पोरं माझी साहेब झाली. क्रॅगला पहिली बस मी चालवायला शिकवली, मी! पहिली अकरा वर्षं मी ज्या टेबलावर बसायचो तिथून माणसं उठून जायची. शेवटी थांबली उठायची. ते मी केलं, एकट्याने! आता तिथे जाऊन म्हणू की ते सगळं खोटं होतं? एकतीस वर्षं मी त्यांचा एक होतो, दाखवायला ठेवलेला? मग माझं काय राहतं, जिंजी? ही पिन?" त्याने टाय मुठीत धरला. "ते दार मी उघडलं होतं. तुझ्यासारख्यांसाठीच."

"उघडलंस," जिंजी म्हणाली. "आणि आत जाऊन कडी लावून घेतलीस."

"ती तू आहेस हे मला माहीत नव्हतं! किती वेळा सांगू? माहीत असतं तर मी तुझ्यासाठी जीव—"

"आणि मी नसते तर?"

मामाने मुठीतला टाय सोडला.

"दुसऱ्या कुणाची पोर असती तर? स्टेपल्टन नावाची खरोखरची कुणी बाई, पलीकडच्या हेअरहिल्सची, तुझ्या ओळखीची नाही. तिच्या घरी आत्ता कुणीतरी रात्रीचा दिवस करून कागद जुळवत असतं. मंगळवारी तू पिन लावून गेला असतास, छान बोलला असतास, ती हरली असती. आणि तू घरी येऊन आम्हाला सांगितलं असतंस, आज एका भांडकुदळ बाईला धडा मिळाला. सांगितलं असतंस की नाही?"

व्हर्लीन मामाकडे बघत होती. ती त्याला सगळ्यांत जास्त ओळखायची, आणि तो खोटं बोलला तर पहिलं तिला कळलं असतं. बहुतेक म्हणूनच तो बोलला नाही.

"बरं, चुकला तो," ड्यूक मवाळ होत म्हणाला. "आता आपल्या बाजूने येतोय ना? ते बघ."

"नाही," जिंजी म्हणाली. "माझ्या बाजूने यायचं नाही. तुला कळत नाही ड्यूक, त्यांचा वकील काय म्हणेल? भाचीने मामाला बारशाला बोलावलं, बोकड खाऊ घातला आणि जबानी फिरवली. कोण विश्वास ठेवेल? त्यांच्याच बाजूने यायचं. त्यांचाच साक्षीदार म्हणून, त्यांच्याच खुर्चीत. ही पिन लावून. मला वकील परवडत नाही, प्रश्न मीच विचारणार आहे. मी एकच विचारणार: गेल्या मार्चमध्ये तुम्ही काय ऐकलंत? समोर क्रॅग बसलेला असेल."

"आणि आपलं नातं विचारलं तर?" व्हर्लीन म्हणाली.

"मी आपणहून सांगणार, पहिल्या वाक्यात. आपल्याला लपवण्यासारखं काही नाही. लपवायचं ते त्यांच्याकडे आहे."

मर्लने कोट आणले. जेवायचं कुणी म्हटलं नाही, गोट वॉटर तसंच ओट्यावर राहिलं. मामा उठला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. दाराशी जाऊन तो वळला आणि बाळाकडे पाहिलं. ते ड्यूकच्या खांद्यावर रडून रडून झोपलं होतं. चर्चमध्ये पाणी पडताना तिने पाद्रीबाबांची बाही घट्ट धरून ठेवली होती, दोघांनी सोडवली तरी सुटेना. तेव्हाच मामाला नाव सुचलं होतं. सकाळपासून ते त्याच्या ओठांवर होतं, तो फक्त सगळ्यांना ताटकळत ठेवून मजा घेत होता.

"नाव राहिलं," तो म्हणाला.

ड्यूकने बहिणीकडे पाहिलं. जिंजी दाराला टेकून उभी होती. कोट तिने अजून काढला नव्हता.

"मंगळवारी दहा वाजता, मिस्टर नेस्बिट," ती म्हणाली. "तिथे पहिल्यांदा पूर्ण नाव सांगावं लागतं. सांगाल ना?"

मामाला ते लागलं. आजपर्यंत या घरात त्याला कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याने आजीकडे पाहिलं. लहानपणी मार चुकवायला तो तिच्याच मागे लपायचा.

आजीने हात पुढे करून ड्यूककडून पणतीला घेतलं आणि आपल्या शालीत गुंडाळलं.

"तिला काही घाई नाही," आजी म्हणाली. "मंगळवारपर्यंत ती ॲडेलिनच राहील."